पिवळ्या गटाची आगटी

"हात काढ! हात काढ तिथनं! ए बाई, ऐकू येत न्हाय का तुला? कै तगी!"

अक्का ओरडत होत्या. तोंडात हुरडा होता, तो थुंकावा की गिळावा हे त्यांचं ठरत नव्हतं, आणि तरी आवाज विहिरीपलीकडं जात होता. कडब्याच्या गंजीवर चिमण्यांची अख्खी ग्रामसभा भरली होती, ती ठराव न करताच उठून गेली. मी आगटीपाशी मांडी घालून बसलेली. दोन्ही तळव्यांच्या मधे गरम कणीस. अर्धं चोळून झालेलं. 'कै तगी' म्हणजे हात काढ. मला कन्नड येत नाही. पण सोलापुरात वाढलेल्या माणसाला शिव्या चार भाषांत कळतात, आणि हुकूम कुठल्याही भाषेत.

मग अक्कांचं ठरलं. थुंकल्या.

मी चोळून दिलेला हुरडा होता तो. हिरवागार, दुधाळ, माझ्या तळहातावरून त्यांच्या तळहातावर गेलेला. काळ्या मातीत पडला.

हे कसं झालं ते सांगते. माझ्याच तोंडानं झालं.

मी पीटीची मॅडम. सोलापुरातल्या एका खासगी शाळेत, तासिकेवर. म्हणजे तास असला तर मॅडम, नसला तर कोण तुम्ही. माझी शिट्टी अशी, की एकदा मैदानावर वाजवली तर होटगी जंक्शनला मालगाडी थांबली. खोटं वाटत असेल तर मालगाडीला विचारा. पोरं मला भितात बी आणि माझ्याभोवती घोळका करून गोष्टी बी ऐकतात. स्टाफरूममध्ये मी आले की चहा बेचव असला तरी संपतो. एवढी माझी करमणूक.

तर आमचे चेअरमन साहेब. तरुण माणूस. परदेशात जाऊन आले. तिथं शाळेची पोरं बर्फावरनं घसरताना पाहिली आणि विमानातनं उतरल्या उतरल्या मीटिंग लावली. "आपल्याकडंही विंटर स्पोर्ट्स डे झाला पाहिजे. सहावी ते आठवी. बाहेर कुठंतरी एक दिवसाची ट्रिप."

सोलापुरात बर्फ दोनच ठिकाणी बघायला मिळतो, मासळी बाजारात आणि गोळेवाल्याच्या गाडीवर. आमचा हिवाळा म्हणजे दूधवाल्यानं कानाला मफलर बांधला की आला आणि त्यानं तो सोडला की गेला. पण चेअरमनला हे सांगणार कोण? एक जण म्हणाला पुण्याहून बर्फाचं मशीन मागवू. दुसरा म्हणाला साबणाचा फेस करू. मला राहवलं नाही.

"साहेब, घसरायचंच असलं तर कडब्याच्या गंजीवरनं घसरू की. खो-खो खेळू, रस्सीखेच खेळू, आणि वर हुरडा खाऊ. हिवाळा म्हणतात तो हाच."

चेअरमननी टाळी वाजवली. त्यांचं शेत मंगळवेढ्याच्या अंगाला, ज्वारी नुकती दाण्यात आलेली. ठरलं. म्हणजे सहल माझी. कल्पना माझी. हे ध्यानात ठेवा.

आधी जागा बघायला आम्ही तिघं गेलो. चेअरमन, सुपरवायझर सर आणि मी. अक्का म्हणजे चेअरमनच्या आई. सगळा स्टाफ त्यांना अक्काच म्हणतो. त्या हिवाळाभर शेतावर राहतात. मी पड रानात पावलं टाकून खो-खोचं मैदान मापलं, कुठं ढेकळं फोडायची ते गड्याला दाखवलं. तोवर आगटी पेटली होती. गवऱ्यांचा निखारा, त्यात कणसं खुपसलेली, तो वास. मी काय वाट बघते? बसले.

हुरडा मला कुणी शिकवायला नको. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची तेव्हापासून मी कणसं चोळते. गरम कणीस तळव्यात धरायचं, एकदाच जोरात फिरवायचं, फुंकर मारायची, भुस्कट उडालं की दाणा मोत्यासारखा. दुसऱ्यांचे तळवे भाजतात. माझे भाजत नाहीत. माझ्या तळव्यावर पोळीसुद्धा भाजता येईल.

पहिली मूठ अक्कांना दिली. त्यांनी तोंडात टाकली, डोळे मिटले.

"लई झ्याक चोळतीस गं बाई. कुठली तू?"

मी फुगले. कौतुक झालं की माझ्या तोंडाला ब्रेक राहत नाही.

"माढ्याकडची, अक्का. माझा बाप दोर वळायचा. दोर म्हणजे काय दोर! एकदा उसाची ट्रॉली ट्रॅक्टरासकट विहिरीत गेली. क्रेन आणली तर क्रेनची तार तुटली. मग बापाचा दोर लावला, चार बैल जुंपले. ट्रॅक्टर वर आला, ट्रॉली वर आली, आणि त्यांच्या मागं विहिरीतलं पाणी बी वर यायला लागलं. थांब म्हटलं तरी थांबंना!"

अक्का इतक्या हसल्या की पदरानं डोळे पुसले. दुसरी मूठ तोंडात टाकली. चेअरमन हसले, सर हसले. आणि हसता हसता अक्कांचा चेहरा मधेच थांबला.

"दोर वळायचा? घरात? म्हंजी तुमी..."

पुढचा शब्द त्या बोलल्या नाहीत. मीच बोलले.

"मांग, अक्का."

सहज बोलले. माणसं गाव सांगतात तसं. आणि मग ते ओरडणं.

चेअरमन फोनमध्ये बघत होते. फोन बंद होता, काळा. तरी बघत होते. सुपरवायझर सर ज्वारीच्या ताटांकडं असं निरखून बघायला लागले, जशी ही ज्वारी आयुष्यात पहिल्यांदा उगवली. गड्याची बायको नागव्वा फावडं घेऊन आली. तिनं आगटीतली सगळी कणसं काढून बांधावर फेकली. मी न शिवलेली सुद्धा. मग विस्तवावर पाणी ओतलं. दहा हातांवर दुसरा खड्डा घेतला, दुसऱ्या गवऱ्या, दुसरी काडी.

विस्तव बदलला हो त्यांनी.

आणि मी? मालगाडी थांबवणारी मी? मी हात काढला. उठले, ड्रेस झाडला आणि म्हणाले, "सॉरी." कुणाला म्हणाले, कशाबद्दल म्हणाले, आजपर्यंत कळलेलं नाही. तोंडातनं निघालं. माझ्या आधी माझ्या आईच्या तोंडातनं निघत असेल, तिच्या आधी तिच्या आईच्या. इंग्रजी तेवढं माझं.

परतताना गाडीत सर म्हणाले, "मॅडम, मनावर घेऊ नका. अक्का जुन्या वळणाच्या. साहेब तसे नाहीत."

साहेब आरशात बघून म्हणाले, "तुम्ही आमच्या फॅमिलीसारख्या आहात."

मी हसले. मग सोलापूर येईपर्यंत एकामागून एक थापा सांगत सुटले. म्हशीची सांगितली, भुताची सांगितली, आमच्या गल्लीतल्या मोटारसायकलवर बसणाऱ्या बोकडाची सांगितली. दोघं पोट धरून हसले. मी गप्प बसले असते तर गाडीत काहीतरी ऐकू आलं असतं. ते मला ऐकायचं नव्हतं.

सोमवारी पुन्हा मीटिंग. सुपरवायझर सर एकदम गोड. चहा त्यांनी स्वतः पुढं केला.

"मॅडम, चार गट करू. लाल, निळा, हिरवा, पिवळा. पिवळा तुमचा. तुमच्या भागातली जी पोरं आहेत ना, आरटीईची, ती तुमचं फार ऐकतात. ती सगळी तुम्ही घ्या. तुमची पोरं तुमच्याकडं. आणि रस्सीखेचीचा दोर वडिलांकडनंच करून आणा. तो ट्रॅक्टर काढलेला!"

सगळे हसले. मीही.

आणि मला आनंद झाला, खरंच सांगते. आरटीईची पोरं म्हणजे फी न भरता सरकारी कोट्यातनं आलेली. आमच्या वस्तीतली, पलीकडच्या झोपडपट्टीतली, विडी कामगारांची. वर्गात मागच्या बाकावर, गॅदरिंगला झाडं नाहीतर पहारेकरी. पण मैदानावर? अहो, मैदानावर ती पोरं म्हणजे वादळ. मी पीटीची बाई, मला पळणारे पाय दिसतात, दुसरं काही दिसत नाही. मला वाटलं, सरांनी मला शाळेतला सगळ्यात तगडा संघ देऊन टाकला. शेतावर झालं त्याची भरपाई करताहेत. मनात म्हटलं, माणूस बरा आहे.

बाप आता थकलाय. बोटं वाकडी झालीत. तरी घायपाताचा दोर वळून दिला त्यानं.

"पोरांच्या हाताला लागंल," म्हणाला. "तेलाचा हात फिरव वरनं."

फिरवला.

सराव असा घेतला की मैदानाची माती पोरांच्या नाकातनं निघायची. पिवळे टी-शर्ट मी वाटले. मापं मी घेतली. सातवीतली अंजली माझ्याच गल्लीतली, तिची आई विड्या वळते. तिला कॅप्टन केलं. ही पोरगी खो देते की बंदूक झाडते कळत नाही. समोरचा उठायच्या आधी पळालेला असतो.

तो दिवस उजाडला. दोन बसा भरून पोरं. कानटोप्या, स्वेटर, गाणी. शेतावर मांडव, लाउडस्पीकर, फोटोवाला, काही पालक. कडब्याच्या गंजीवरनं पोरं घसरत होती. चेअरमन त्याचा व्हिडिओ काढत म्हणत होते, "बघा, स्वित्झर्लंड!" गंज बिचारी दुपारपर्यंत गुडघ्याएवढी झाली.

खो-खो पिवळ्यानं मारला. पोत्याची शर्यत पिवळ्यानं मारली. रस्सीखेचीत शेवटी पिवळा विरुद्ध निळा. निळ्यात अक्कांचा नातू. गुबगुबीत पोरगं, पण जीव तोडून ओढत होतं. शेवटी सगळा निळा गट तोंडावर पडला. नातवाचे तळहात लालबुंद. अक्का खुर्चीवरनं उठल्या, त्याचे हात हातात घेऊन फुंकर मारायला लागल्या. माझ्या बापानं वळलेल्या दोराचा वळ होता तो. त्याच्यावर अक्का फुंकर मारत होत्या. दोर चालत होता.

ढाल अंजलीनं घेतली. मी शिट्टी फुंकली. मंगळवेढ्यात कुणाच्या तरी दाराच्या कड्या वाजल्या असतील.

मग सरांनी माइक घेतला.

"आता हुरडा पार्टी! लाल, निळा, हिरवा गट इकडं आंब्याखाली. पिवळा गट मॅडमसोबत गोठ्यामागं. गोठ्यामागं वेगळी आगटी आहे. शिस्तीत चला."

मी शिट्टी तोंडाजवळ नेली होती. ती तिथंच राहिली.

आंब्याखाली तीन आगट्या. सतरंज्या, चटणीच्या ताटल्या, दह्याचे पेले. गोठ्यामागून नुसता धूर दिसत होता. आणि पड रानात विखुरलेली सगळी पोरं. त्यात माझी कुठली हे शोधायला कुणाला आडनाव विचारायची गरज नव्हती. लांबूनसुद्धा दिसत होती. पिवळी. तो रंग मी वाटला होता. ढगळ होऊ नये म्हणून मापं घेऊन वाटला होता.

'तुमची पोरं तुमच्याकडं.' सर संघ देत नव्हते. सर पंगत लावत होते. सोमवारीच लावून मोकळे झाले होते, आणि मी चहा पिऊन हो म्हणाले होते.

अंजली ढाल काखेत धरून आली.

"मॅडम, आपुन जिंकलो की. मग आपली आगटी तिकडं का?"

मी थापाडी बाई. कुठल्याही प्रश्नाला माझ्याकडं तीन उत्तरं तयार असतात, तिन्ही खोटी आणि तिन्ही गोड. त्या पोरीच्या तोंडाकडं बघितलं. एक आलं नाही.

मी चालायला लागले. आंब्याकडं. मधल्या आगटीपाशी गेले, जिथं अक्का बसल्या होत्या, नातू होता, निळी पोरं होती. सतरंजीवर जागा होती. बसले. मांडी घालून.

कुणी ओरडलं नाही. फोटोवाला होता ना.

अक्का माझ्याकडं बघत सुद्धा नव्हत्या. नातवाच्या खांद्याला हात लावला आणि हळू म्हणाल्या, "एळ." ऊठ. नातू म्हणाला, "अक्का, मला भूक लागलीय." त्या म्हणाल्या, "एळ, बाळा." तो उठला. एका मॅडमना आठवलं की त्यांची पर्स बसमध्ये राहिली. गणिताच्या सरांना फोन आला. कुणीतरी म्हणालं, "चला चला, गंजीपाशी ग्रुप फोटो!" पोरं हातातली कणसं टाकून पळाली. डाव्या आगटीवरचे उठले. उजव्या आगटीवरचे उठले. मंगळवेढ्याचं अख्खं शिवार उठून उभं राहिलं.

नाही, हे वाढवलं. शिवार जागेवर होतं. माणसं उठली. तेवढंच झालं. यात वाढवायला जागा नाही, मी शोधून बघितली.

सतरंजीवर मी एकटी. समोर निखारा. मी एक कणीस ओढलं, चोळलं, फुंकर मारली, तोंडात टाकलं. दुसरं ओढलं. अक्का लांब खुर्चीवर पाठ करून बसल्या होत्या. त्या दिवशी मी हात काढला नाही. पण हात काढला नाही म्हणून कुणाचं काय बिघडलं? त्यांनी सतरंजी सोडली, आगटी सोडली, हुरडा सोडला. माझ्यासोबत बसणं तेवढं त्यांना जमलं नाही.

पिवळा गट मधेच उभा होता. आंबा आणि गोठा यांच्या मधे. गोठ्यामागं जायचं नाही हे त्यांना कळलं होतं. इकडं यायचं का हे कळत नव्हतं.

अंजलीनं हाक मारली, "मॅडम, आमी येऊ का?"

माझ्या पाठीमागं सर येऊन उभे होते. आवाज खाली ठेवून म्हणाले, "पोरांना मधे घेऊ नका, मॅडम. त्यांना अजून आठवीपर्यंत इथं शिकायचंय."

ये म्हणावं, तर पोरीचं शाळेतलं उरलेलं आयुष्य मी आगटीत घालते. तिकडं जा म्हणावं, तर मग मी इथं बसले कशाला? तोंडात हुरडा होता. गिळता येत नव्हता. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मला सांगता येणार नाही. पोरांनाही कळलं नसणार. ती तिथंच उभी राहिली. ऊन होतं. सगळ्यांनी स्वेटर कमरेला बांधले होते. बस निघेपर्यंत ती उभी होती.

बाकीच्यांना हुरड्याच्या पिशव्या भरून बसमध्ये दिल्या. पिवळ्या गटानं घेतल्या नाहीत. मी सांगितलं नव्हतं. येताना गाणी म्हणणारी पोरं जाताना खिडकीतनं बाहेर बघत होती. "मॅडम, भुताची सांगा की," मागनं कुणीतरी म्हणालं. मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर सरांनी बोलावलं. या खेपेला चहा नव्हता.

"पोरं दिवसभर उपाशी राहिली तुमच्यामुळं. पालकांचे फोन येताहेत."

खरं होतं ते. उपाशी राहिली होती. तोच घाव त्यांनी बरोबर निवडला.

"साहेब मोठ्या मनाचे आहेत. शेतावर जाऊन अक्कांची तोंडी माफी मागा, विषय संपला. नाहीतर उद्यापासून तुम्हाला तास नाहीत."

"का नाहीत, ते लेखी द्या."

"तासिकेवाल्यांना लेखी नसतं."

"मग मी पालकांना सांगते. शिक्षण खात्यात सांगते. पोलिसात सांगते."

सर हसले. वाईट हसले नाहीत. ओळखीचं हसले, स्टाफरूममध्ये हसतात तसं.

"काय सांगणार? विस्तव बदलला? मॅडम, तुम्ही गोष्टी फार छान सांगता. होटगीला मालगाडी थांबली, विहिरीतनं पाणी वर आलं. सगळा स्टाफ साक्ष देईल, तुम्ही किती छान सांगता ते. ही पण तशीच ऐकतील लोक."

हे मला शेतावरच्या ओरडण्यापेक्षा लागलं. कारण खरं होतं. पंचवीस मोठी माणसं आंब्याखालनं उठली होती. त्यातल्या एकाला विचारलं तरी त्याला फोन आला होता, दुसऱ्याची पर्स राहिली होती. माझ्या बाजूनं बोलायला मी एकटी, आणि मी कोण तर थापा मारणारी बाई. आयुष्यभर लोकांना हसवत आले, का? ते हसत असतात तोवर आपल्याला जात विचारत नाहीत म्हणून. आणि तेच हसणं आता माझ्या तोंडावर कुलूप म्हणून लावत होते.

मी तिथं उभ्या उभ्या ठरवलं. माफी नाही. घरी बसणं नाही. आणि आता हसवणं नाही. हे जसं झालं तसं सांगायचं, एक दाणा न वाढवता, ऐकणाऱ्याला हसू येईल अशी एक जागा न ठेवता. एकानं नाही ऐकलं तर दुसऱ्याला. अंजलीच्या आईला आधी. मग तिच्या शेजारणीला. मग जिथं जिथं दार आहे तिथं. आणि इथनं कागद घेतल्याशिवाय हलायचं नाही.

समोरची खुर्ची ओढली. बसले.

सरांनी घड्याळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, ड्रॉवर बंद केला.

"मॅडम, पाच वाजता शाळा बंद होते."

"उद्या परत उघडते की," मी म्हणाले.